जुना फूजी घ्यायचा तर कोणता: एक्स-प्रो१ की एक्स-ई२?

माळरान (धागाकर्ता)

सेकंडहँड बाजारात फूजीफिल्मच्या या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉड्या (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) अजून फिरताहेत. दोन्हींत १६.३ मेगापिक्सेल, दोन्हींना तीच एनपी-डब्ल्यू१२६ बॅटरी, तेच एक्स माउंट (लेन्स बसवायची फूजीची खोबण), फाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) दोन्हींत रेंजफाइंडरसारखा डावीकडच्या कोपऱ्यात. कागदावर फरक फारसा दिसत नाही, पण लोक मात्र एकाचे भक्त किंवा दुसऱ्याचे.

वापर असा: रस्त्यावरचे फोटो, घरातले समारंभ, गणपतीत मिरवणूक. लेन्स ठरल्यात, २७ एमएम एफ/२.८ आणि ३५ एमएम एफ/१.४. शिवाय एम४२ (आट्यांच्या) माउंटची जुनी सुपर टाकुमार ५५ एमएम एफ/१.८ अडॅप्टरने लावायची आहे. चष्मा आहे, उणे अडीच. व्हिडिओ अजिबात नको. "दोन्ही छानच" असं कृपया लिहू नका, काय कुठे अडतं ते सांगा.

काचबिंदू

आधी मूळ फरक. एक्स-प्रो१ जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाला, एक्स-ई२ ऑक्टोबर २०१३ मध्ये. मेगापिक्सेल सारखे असले तरी सेन्सर एक नाही. प्रो१ मध्ये पहिल्या पिढीचा एक्स-ट्रान्स (फूजीच्या सेन्सरचं नाव) आहे आणि फोकस फक्त कॉन्ट्रास्टवर चालतो. ई२ मध्ये दुसरी पिढी. सेन्सरच्या मधल्या भागात फेज-डिटेक्शनचे पिक्सेल पेरलेत. म्हणजे प्रो१ लेन्स पुढेमागे हलवून "आता जास्त धारदार, आता कमी" असं चाचपत थांबतो, तर ई२ ला मधल्या भागात तरी कुठल्या दिशेला आणि किती सरकायचं ते आधीच कळतं. ई२ च्या वेळी कंपनीने ०.०८ सेकंदाची जाहिरात केली होती. तो आकडा भर उजेडातला आणि ठरावीक लेन्सवरचा. ३५ एमएम एफ/१.४ वर विसरून जा, कारण त्या लेन्समध्ये काचांचा मोठा गट पुढेमागे सरकतो.

वजन बॅटरीसकट प्रो१ चं ४५० ग्रॅम, ई२ चं ३५०. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ-गडद करायची) चकती प्रो१ वर अधिक-उणे २ स्टॉप, ई२ वर ३; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. वाय-फाय फक्त ई२ मध्ये. चेहरा ओळखणं फक्त ई२ मध्ये. बारका फ्लॅश फक्त ई२ मध्ये, आणि त्याला बोटाने मागे झुकवून छताकडे रोखता येतं. खोलीचं छत पांढरं आणि ठेंगणं असेल तर एवढ्याशा फ्लॅशचाही उजेड मऊ पडतो. उलट स्टुडिओ फ्लॅशची वायर थेट जोडायला पीसी सॉकेट प्रो१ मध्ये आहे, ई२ मध्ये नाही.

आणि प्रो१ मध्ये तो फाइंडर आहे. बाकी सगळा वाद त्याचाच.

दुर्बीण_आणि_दिवा

मग फाइंडरवर सविस्तर लिहितो, कारण माहिती अर्धवट असली की लोक महिन्याभरात प्रो१ विकायला काढतात.

प्रो१ च्या पुढच्या बाजूला एक खटका आहे. तो ओढला की काचेचा फाइंडर जाऊन इलेक्ट्रॉनिक येतो, पुन्हा ओढला की काचेचा परत. दाबून धरला तर काचेच्या फाइंडरचं मोठेपण बदलतं: ०.३७ पट आणि ०.६० पट. ०.३७ हे १८ एमएमसारख्या रुंद लेन्ससाठी, ०.६० हे ३५ आणि ६० साठी. लेन्स बदलली की कॅमेरा योग्य ते स्वतःच निवडतो. १४ एमएम लावलीत तर फ्रेम काचेत मावतच नाही.

काचेतून जे दिसतं ते लेन्समधून आलेलं नसतं. त्यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: चौकट सुमारे ९० टक्केच दाखवते. कडेला जे नको म्हणून वगळलं ते फोटोत उमटतं. सवय झाली की हे सोपं जातं, पण सुरुवातीचे सगळे फोटो सैल वाटणार.

दुसरी: पॅरॅलॅक्स. फाइंडर लेन्सच्या डावीकडे आणि वर आहे, त्यामुळे जवळच्या वस्तूसाठी चौकट उजवीकडे-खाली सरकावी लागते. अर्धं बटण दाबून फोकस झाला की कॅमेरा चौकट सरकवतो. पण फोकसचा चौकोन आधी कुठे आहे? इथे बहुतेकजण फसतात. मेनूत "करेक्टेड एएफ फ्रेम" नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. मग दोन चौकोन दिसतात: एक सलग रेषेचा, दूरच्या विषयासाठी; दुसरा तुटक रेषेचा, जवळच्यासाठी, साधारण ८० सेंटिमीटरच्या आसपास. माणूस दीड-दोन मीटरवर असेल तर खरा बिंदू या दोघांच्या मधे कुठेतरी. पर्याय बंद असताना लोक सलग चौकोन डोळ्यावर धरतात, कॅमेरा प्रत्यक्षात कानामागच्या भिंतीवर फोकस करतो आणि मग "प्रो१ चा फोकस चुकतो" अशी ओरड होते. फोकस बरोबर असतो, चौकोन चुकीच्या जागी धरलेला असतो.

तिसरी: ८० सेंटिमीटरपेक्षा जवळ काचेच्या फाइंडरमध्ये काम होत नाही. मॅक्रो चालू करावा लागतो आणि मॅक्रो लावला की फाइंडर इलेक्ट्रॉनिकच होतो. जेवणाच्या पानाचा फोटो म्हणजे प्रत्येक वेळी ही कसरत.

फोकसचे बिंदूही कमी. काचेत २५, इलेक्ट्रॉनिक फाइंडर किंवा स्क्रीनवर ४९.

आणि मिळतं काय? चौकटीबाहेरचं दिसतं. कोण फ्रेममध्ये शिरतोय ते आधी कळतं. भर उन्हात चित्र फिकं पडत नाही, अंधारात किरकिरत नाही, वेळेचा फरक शून्य. प्रो१ चा इलेक्ट्रॉनिक फाइंडर १४.४ लाख ठिपक्यांचा आहे आणि कमी उजेडात तो ओढल्यासारखा चालतो. म्हणजे काचेचा फाइंडर वापरायचाच नसेल तर प्रो१ घेऊन तुम्ही वाईट इलेक्ट्रॉनिक फाइंडर आणि १०० ग्रॅम जास्त वजन विकत घेताय.

माळरान

चष्मा लावून काचेची चौकट पूर्ण दिसते का? आणि नंबर जुळवायची चकती कुठे असते?

पाटीपेन्सिल

डोळा लावायच्या जागेच्या बाजूला असते ना, खोबणीत?

दुर्बीण_आणि_दिवा

@पाटीपेन्सिल, ती ई२ ला. प्रो१ ला चकतीच नाही. तिथे १९ एमएम आट्यांचं भिंग फिरवून बसवावं लागतं, जुन्या निकॉन एफएम-एफई किंवा कोसिना-फोक्टलेंडरच्या मापाचं. मिळतं, पण शोधावं लागतं. दोन भानगडी लक्षात ठेवा. छापलेला आकडा काही ठिकाणी नुसत्या भिंगाचा असतो, काही ठिकाणी फाइंडरसकटची बेरीज असते, तेव्हा डोळ्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ते सैल झालं की पिशवीत गळून पडतं. आठवड्यातून एकदा बोटाने घट्ट करा.

@माळरान, चष्म्यासकट प्रो१ चे कोपरे एका नजरेत दिसणं कठीण. डोळा इकडेतिकडे करावा लागतो, मग रस्त्यावर जो वेग मिळायला हवा तोच जातो. ई२ मध्ये चकतीचा पल्ला उणे ४ ते अधिक २ आहे. तुमचा उणे अडीच त्यात आरामात बसतो, चष्मा कपाळावर सरकवून बघता येईल. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चकतीने काही होत नाही, चष्मा ठेवावाच लागेल. तसं असलं तरी ई२ चा २३.६ लाख ठिपक्यांचा ओएलईडी फाइंडर चष्म्यातून जास्त सुखाचा आहे.

रानमोडी

फाइंडरवर एवढं लिहिलंत, चित्राचं काय? पहिल्या पिढीच्या एक्स-ट्रान्सचे रंग वेगळेच, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

काचबिंदू

रंगांची जादू वगैरे मी फार मनावर घेत नाही. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती) एकाच प्रोग्रॅममधून, एकाच व्हाइट बॅलन्सवर काढली तर फरक शोधावा लागतो. जेपेगमध्ये मात्र फरक खरा आहे. ई२ चं जेपेग आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० च्या वर कातडी मेणासारखी करतं. नॉइज रिडक्शन (दाणा पुसणं) उणे २ वर नेलं तरी पूर्ण जात नाही. प्रो१ चं जेपेग तिथे दाणा राहू देतं, चेहरा माणसाचा वाटतो. घरातल्या समारंभाचे फोटो जेपेगमध्येच द्यायचे असतील तर हा प्रो१ च्या बाजूचा खरा मुद्दा. ई२ असेल तर आयएसओ १६०० च्या वर रॉ काढा, प्रश्न मिटला.

फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मसारखे रंग): प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, ॲस्टिया, दोन प्रो-नेग, कृष्णधवल फिल्टरांसकट, सेपिया हे दोन्हींत. क्लासिक क्रोम ई२ मध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर मिळतं, प्रो१ मध्ये नाही. ॲक्रॉस दोन्हींत नाही आणि येणारही नाही, ते २०१६ च्या एक्स-प्रो२ पासूनचं.

रॉ फाइल प्रो१ ची साधारण २५ एमबी, ई२ ची ३२ च्या आसपास, कारण ई२ १४ बिटांची लिहितो. दोन्हींत रॉ फक्त आयएसओ २०० ते ६४०० एवढ्याच पल्ल्यात. १०० किंवा १२८०० लावलंत तर गुपचूप जेपेगच मिळेल. हे लक्षात नसलं की "रॉ कुठे गेली" म्हणून कार्ड रिकव्हरीचे प्रोग्रॅम शोधत बसतात लोक.

डीआर२०० आणि डीआर४०० (डायनॅमिक रेंज, म्हणजे उजळ आणि गडद भाग दोन्ही सांभाळायची सेटिंग) बद्दलही तेच. डीआर२०० ला किमान आयएसओ ४०० लागतं, डीआर४०० ला ८००. कारण कॅमेरा सेन्सरवर अनुक्रमे एक आणि दोन स्टॉप कमी उजेड घेतो आणि सावल्या नंतर उचलतो. दुपारच्या उन्हात पांढरा सदरा आणि गडद चेहरा एका फ्रेममध्ये असेल तर जेपेगसाठी डीआर४०० उत्तम. रॉ काढणाऱ्याने डीआर१०० ठेवून स्वतः कमी एक्स्पोज करावं, नाहीतर प्रोग्रॅममध्ये फाइल काळवंडलेली उघडू शकते.

झिलई

रॉ चा विषय निघालाच आहे तर अळ्यांबद्दल (फोटोतल्या वळवळणाऱ्या रेषांबद्दल) लिहायला हवं. एक्स-ट्रान्समध्ये रंगांची मांडणी ६ गुणिले ६ ची असते: ३६ पैकी २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत तिन्ही रंग येतात, म्हणून मोआरे (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे) कमी पडतो आणि लो-पास फिल्टर (ते टाळायला चित्र किंचित मऊ करणारी काच) लागत नाही. पण रंग भरून काढायचं गणित अवघड होतं. लाइटरूम या फोटोंच्या प्रोग्रॅमने नेहमीच्या धारेच्या आकड्यांवर गवत, झाडाची पानं, दगडी भिंत उघडली की १०० टक्क्यांवर बारीक वळवळणाऱ्या रेषा दिसतात. दोन्ही कॅमेऱ्यांत सारख्याच.

उपाय: शार्पनिंगमध्ये डिटेल शून्य ते १० वर आणा, अमाउंट ३०-४०, रेडियस ०.८ ते १. तरी राहिल्या तर "एन्हान्स डिटेल्स" (आता "रॉ डिटेल्स") चालवा, पण जुन्या आवृत्त्यांत त्याने वेगळी आणि बरीच मोठी फाइल तयार होते, म्हणून तिथे निवडक फोटोंनाच. फुकटात करायचं तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल. डीमोझेइक (रंग भरून काढायच्या) पद्धतीत तीन फेऱ्यांचा पर्याय निवडा. डार्कटेबलमध्ये तो मार्कस्टाइन नावाने दिसेल. रॉथेरपीत त्याच्याच टॅबमध्ये कॅप्चर शार्पनिंग आहे, तेवढं पुरतं. आयएसओ ३२०० च्या वर एका फेरीचा पर्याय पुरेसा असतो, तीन फेऱ्या दाण्यालाच धार लावत बसतात.

कॅमेरा जोडून फाइल काढायचा फूजीचा एक्स रॉ स्टुडिओ या दोन्हींना चालत नाही. शोधत बसू नका.

पाटीपेन्सिल

एवढे कष्ट करण्यापेक्षा सोनी नेक्स-७ का नाही? २४ मेगापिक्सेल, तोही कोपऱ्यातल्या फाइंडरचा.

काचबिंदू

बॉडी छानच होती. पण धागाकर्त्यांनी २७ आणि ३५ ठरवल्यात, त्या एक्स माउंटच्या. लेन्स ठरल्यावर बॉडीचं माउंट बदलणं म्हणजे सगळा हिशोब पुन्हा. वेगळा धागा काढा, लिहू तिथे.

खिळेमोळे

टाकुमारबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

एम४२ चं फ्लँज अंतर (माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत) ४५.४६ एमएम, एक्स माउंटचं १७.७. म्हणजे अडॅप्टर २७.७६ एमएम जाडीचा हवा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात; मग लेन्स अनंताच्या खुणेआधीच अनंतावर फोकस होते. त्याने नुकसान काही नाही, फक्त अंतराची पट्टी खोटी ठरते. जाड निघाला तर मात्र डोंगर कधीच धारदार येणार नाही, परत करा. विकत घेताना गच्चीवर जाऊन पूर्ण उघड्या एफ/१.८ वर दूरचा मोबाइल टॉवर बघा, दोन मिनिटांचं काम.

सुपर टाकुमारला ऑटो-मॅन्युअलची सरकपट्टी असते, ती मॅन्युअलवर ठेवा म्हणजे ॲपर्चरची रिंग फिरवली की आतली पाती लगेच मिटतात. ज्या एम४२ लेन्सला अशी पट्टी नाही तिला मागची पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर लागतो. साधा अडॅप्टर लावला तर ती लेन्स कायम उघडी राहील.

कॅमेऱ्यात मेनूमधून "शूट विदाउट लेन्स" चालू करा. नाही केलं तर बटण दाबून काहीच होत नाही, आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. ५५ एमएम इथे ८२-८३ एमएमएवढी अरुंद दिसते, चेहऱ्यांना मस्त. मेनूतल्या माउंट अडॅप्टर सेटिंगमध्ये फोकल लेंग्थ भरा.

आता दोन्हींतला फरक. प्रो१ च्या काचेच्या फाइंडरमध्ये अशा लेन्सचा फोकस दिसतच नाही, आणि अंतर कॅमेऱ्याला कळत नसल्याने चौकटही सरकत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिकवर जाणं आलं, आणि तो प्रो१ चा कच्चा भाग. कडा चमकवणारं फोकस पीकिंग प्रो१ ला २०१३ च्या ३.०० फर्मवेअरने मिळालं. जुन्या फर्मवेअरची बॉडी असेल तर आधी ते टाका. ई२ मध्ये पीकिंग आहेच, वर डिजिटल स्प्लिट इमेज आहे: मधल्या पट्ट्यात चित्र तुटलेलं दिसतं, रिंग फिरवून उभ्या रेषा जुळवायच्या. खांब, दाराची चौकट, नाकाची कड यावर झकास चालतं. गवतावर किंवा साध्या भिंतीवर उपयोग शून्य, तिथे पीकिंग. आणि दोन्हींत मागचं चाक दाबलं की चित्र मोठं होतं, एफ/१.८ वर डोळ्याच्या पापणीसाठी शेवटी तोच भरवशाचा मार्ग.

जुन्या लेन्स वापरायच्या तर ई२, याला दुसरी बाजू मला दिसत नाही.

रानमोडी

पण रस्त्यावर २७ एमएम वर प्रो१ चा मंद फोकस खरंच एवढा अडतो का? अंतर ठरवूनच काढायचे ना?

दुर्बीण_आणि_दिवा

अगदी बरोबर, आणि हा प्रो१ चा खरा डाव. २७ एमएम, एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.८ ते ८.६ मीटर पुरेसं धारदार. ४.६ मीटरवर ठेवला तर २.३ मीटरपासून अनंतापर्यंत. १८ एमएमला तर एफ/८ वर २ मीटरला लावा, १ मीटरपासून पुढे सगळं येतं. हे ०.०२ एमएमच्या गोळ्यावर (सेन्सरवर एवढा पसरलेला ठिपकाही धारदार धरून) काढलेले आकडे आहेत. फाइंडरमधली निळी-पांढरी पट्टी यापेक्षा खूप कमी खोली दाखवते, कारण तिचं गणित पिक्सेलच्या पातळीवरचं आणि कडक आहे. ए-४ प्रिंटसाठी तिला घाबरू नका.

रीत अशी: पुढचा एस-सी-एम (एकदाच, सतत, मॅन्युअल) फोकसचा खटका एम वर. मग एएफएल/एईएल बटण दाबलं की कॅमेरा तेवढ्यापुरता ऑटोफोकस करतो आणि तिथेच थांबतो. तीन मीटरवरच्या फरशीच्या सांध्यावर एकदा दाबा, नंतर शटर बटण फक्त फोटोसाठी. हे दोन्ही बॉड्यांत चालतं. २७ ची फोकस रिंग वायरवरची आहे (काचा थेट न हलवता विजेने इशारा देणारी), तिच्यावर अंतराच्या खुणा नाहीत, म्हणून रिंग चुकून फिरली तर कळत नाही. फाइंडरमधल्या पट्टीवर नजर ठेवा.

प्रो१ वर ऑटोफोकसच वापरायचा असेल तर फोकसचा चौकोन मोठा करा. बिंदू निवडायच्या स्थितीत मागचं चाक फिरवलं की आकार बदलतो. लहान चौकोन अंधारात कॉन्ट्रास्ट शोधत हेलकावे खातो. चौकोन गालावर न ठेवता कॉलरच्या किंवा केसांच्या कडेवर ठेवा. नव्या फर्मवेअरमध्ये बिंदू निवडणं खालच्या बाणावर देता येतं, ते करून घ्या.

२७ ची जुनी, रिंग नसलेली आवृत्ती घेताय का? मग ॲपर्चर मागच्या चाकावर. प्रो१ चं फर्मवेअर फार जुनं असेल तर तेही नीट चालत नाही.

झिलई

मिरवणुकीबद्दल. दोन्ही बॉड्या वेदरसील्ड (धूळ-पाण्यापासून बंद) नाहीत. गुलाल ही ओल्या हवेत चिकटणारी भुकटी, ती चकत्यांच्या खाली गेली की एक्स्पोजरची चकती करकरते. पारदर्शक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा आणि मिरवणुकीत लेन्स बदलू नका. सेन्सरवर भुकटी बसली तर कॅमेऱ्याची थरथर पुरत नाही. तपासायला एफ/१६ वर आकाशाचा फोटो, मग आधी हातपंपाचा वारा, नंतरच एपीएस-सी, म्हणजे या सेन्सरच्या, मापाचा स्वॅब (सेन्सर पुसायची पट्टी). तोंडाने फुंकर नको.

रात्रीच्या रोषणाईत वेगळा त्रास. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे येत नाहीत. चकतीवर १/१२५ आहे, तिथून मागच्या चाकाने एक पायरी खाली आलं की १/१००. ई२ ला ४.०० फर्मवेअरने इलेक्ट्रॉनिक शटर मिळालं, १/३२००० पर्यंत. आवाज अजिबात नाही, पण एलईडीखाली पट्टे आणि चालत्या माणसाचे वाकडे पाय, दोन्ही येतात. देवळातल्या शांत गाभाऱ्यात, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात मात्र त्याच्यासारखं काही नाही.

खिळेमोळे

सेकंडहँड तपासणी. मुंबईत बोरा बाजारला गेलात किंवा कुणाच्या घरी जाऊन घेतलंत, दोन्हीकडे हेच.

या दोन्हींच्या मेनूत शटर किती वेळा चाललं ते दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या "फक्त पाच हजार" वर जाऊ नका. झाकण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा फोटो काढा, रंगीत ठिपके दोन-चार असतील तर चालतं, चांदणं दिसलं तर नको. उजळ भिंतीवर १/४००० चा फोटो. एका बाजूला गडद पट्टा आला तर शटरचे पडदे दमलेत. प्रत्येक चकती दोन्ही दिशांना शेवटपर्यंत फिरवा, आकडा उड्या मारत असेल तर आत घाण किंवा झीज. प्रो१ ची एक्स्पोजर चकती सहज हलते, ती सैल असणं हा त्या मॉडेलचा स्वभावच.

प्रो१ चा खटका वीसेक वेळा ओढून बघा. आत पडदा अडकत असेल तर आवाजात कळतं. काचेचा फाइंडर उजेडाकडे धरून आतली धूळ आणि बुरशी पाहा. लेन्सवरची बुरशी लोक तपासतात, फाइंडरमधली कुणी बघत नाही, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या कॅमेऱ्यात ती तिथेही असते. हा फाइंडर घरी उघडायचा भाग नाही, सुटे भाग मिळतील असंही धरू नका.

लेन्सला मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सगळीकडे सारखा धुरकटपणा म्हणजे हेझ. एक्सएफ लेन्सची ॲपर्चर रिंग वायरवरची, लेन्स सुटी असताना फिरवून पाती उघडत नाहीत. म्हणून एकदा कॅमेऱ्यावर चढवून, कॅमेरा चालू करून, पुढूनही बघा.

ई२ चा फ्लॅश उघडून एक फोटो. हॉटशूच्या (वर फ्लॅश बसवायच्या जागेच्या) पट्ट्यांवर हिरवट थर आहे का तेही बघा. ट्रायपॉडचं भोक दोन्हींत लेन्सच्या रेषेत नाही आणि बॅटरीच्या दाराला खेटून आहे, तिथली पट्टी ताणून लावलेली असेल तर दार वाकलेलं सापडतं. कॅमेरा चालू केल्यावर तारीख विचारली तर घाबरू नका, आतली छोटी बॅटरी उतरलेली असते. चार्ज बॅटरी घालून एक-दोन दिवस ठेवा. तरी तारीख राहिली नाही तर ती गेली.

बॅटरी फुगलेली असेल तर आत अडकते, बोटाने काढून बघा. नवी एनपी-डब्ल्यू१२६एस चालते. चार्जिंग बाहेरच्या चार्जरवर, यूएसबीवर नाही. प्रो१ ची निशाणी भरलेली दाखवता दाखवता एकदम लाल होते, तेव्हा दोन जास्तीच्या जवळ असू द्या. कंपनीचे आकडे प्रो१ ला ३०० आणि ई२ ला ३५० फोटोंचे.

माळरान

सर्वांचे आभार. टाकुमार आणि चष्मा या दोन गोष्टींनी ई२ कडे वळवलं. एक एक्स-ई२ पाहायला जातोय, पण विकणाऱ्याने फर्मवेअर कधी टाकलेलं नाही म्हणतो. आवृत्ती कशी पाहायची, आणि टाकताना काय बिघडू शकतं?

काचबिंदू

डिस्प/बॅक बटण दाबून धरून कॅमेरा चालू करा, बॉडी आणि लेन्स दोन्हींची आवृत्ती दिसेल. ४.०० च्या खाली असेल तर टाकायलाच हवं. झोन फोकस, डोळा ओळखणं, इलेक्ट्रॉनिक शटर हे सगळं त्यातलं. ३.०० ची बॉडी हातात घेऊन ई२ चं मूल्यमापन करू नका.

बॅटरी पूर्ण भरलेली. कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, संगणकात नको. मॅक कार्डावर लपलेल्या फाइली लिहितो, आणि त्याने हे जुने फूजी सुरू व्हायलाही वेळ घेतात. कंपनीच्या साइटवरून बॉडीची फाइल उतरवा. आधी एकदा उतरवली असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो, तसं नाव असेल तर कॅमेरा "फाइल नाही" म्हणतो. नाव मूळचं करा, कार्डाच्या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा, कुठल्याही फोल्डरमध्ये नाही. पुन्हा डिस्प/बॅक दाबून चालू करा, बॉडी निवडा, ओके. पट्टी पूर्ण होईपर्यंत बटण, बॅटरी, दार कशालाही हात नको. अर्धवट राहिलं तर बॉडी सर्व्हिस सेंटरलाच. मग लेन्सची फाइल त्याच पद्धतीने, ती लेन्स चढवून.

फर्मवेअर बदलल्यावर सेटिंग पुसली जाऊ शकतात. सुरुवातीला एवढं करा: ऑटो आयएसओ कमाल ३२००, किमान शटर १/१२५. नॉइज रिडक्शन उणे २. रॉ अधिक जेपेग. शटर प्रकार मेकॅनिकल. आणि बॅटरी घालताना तिच्यावरची नारिंगी खूण आतल्या नारिंगी खिटीकडे. उलटीही आत जाते ती, आणि मग कॅमेरा मेलाय असं समजून लोक सौदा मोडून परत येतात.